तत्त्वज्ञान विचारलंत, म्हणून वह्या काढल्या

डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं विचारलंय: 'माझे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान' यावर दोन पानं लिहून द्यायची आहेत. रूसो, ड्यूई, टागोर, गिजुभाई सगळे लिहून झाले, पण 'माझे' म्हणावं असं त्यात काहीच सापडत नाही. तुम्ही इतकी वर्षं शिकवताय, तर तुमचं तत्त्वज्ञान काय? आणि शिक्षकानं आयुष्यभर शिकत राहावं असं जो तो म्हणतो, तुम्ही त्यासाठी नेमकं काय करता?

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर 31 वर्षं काढली. बदल्या झाल्या, पण तालुक्यातल्या तालुक्यात. त्यातली बरीच वर्षं द्विशिक्षकी शाळेवर. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, आणि एक जण मीटिंगला गेला की चारही वर्ग उरलेल्याच्या गळ्यात. तत्त्वज्ञान हा शब्द आमच्याकडे निरोप समारंभाच्या भाषणातच येतो. तरी तुमचा प्रश्न वाचून मी कपाटातून वह्या काढल्या. चौदा आहेत. प्रत्येकीवर 'चुका' असं लिहिलंय आणि खाली साल. त्या माझ्या चुका आहेत की पोरांच्या, हे मी वर लिहिलेलं नाही. लिहिताना तसं सुचलं नव्हतं, आता वाटतं ते बरंच झालं.

पहिल्या वहीचं पहिलं पान कसं आलं ते सांगतो.

नोकरीचं चौथं-पाचवं वर्ष असेल. तिसरीतल्या एका पोरानं फळ्यावर 52 मधून 27 वजा केले आणि लिहिलं 35. मी पुसलं, दशक उसना घ्यायची रीत परत सांगितली, दुसरं उदाहरण घातलं: 61 वजा 38. उत्तर आलं 37. तिसऱ्यांदाही तीच तऱ्हा. तेव्हा माझ्या टेबलावर छडी असायची, ती मी वापरली. शिक्षण हक्क कायदा यायच्या आधीचे दिवस, आणि 'गुरुजी, मारा पण शिकवा' असं पालकच सांगून जायचे. पण कायदा नव्हता म्हणून हात थांबला नाही, हे काही कारण होऊ शकत नाही. असो.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीपाशी उभा होतो. बाहेर कट्ट्यावर तो पोरगा दुसऱ्याला समजावत होता, "दोनातनं सात जात न्हाई. मोठ्यातनं बारकं जातंय. म्हणून सातातनं दोन काढायचं. पाच. मग पाचातनं दोन काढायचं, तीन. सरांनीच सांगितलंय."

मी सांगितलंच होतं. 'लहान संख्येतून मोठी संख्या जात नाही' हे वाक्य मी वर्गाकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं. त्यानं ते शब्दशः पाळलं. आकडे वर-खाली कुठेही असोत, मोठ्यातून लहान काढायचा. माझंच वाक्य मनावर घेतल्याबद्दल मी त्याला मारलं होतं.

त्या संध्याकाळी वहीवर चार रकाने आखले. तारीख, प्रश्न, मुलाचं उत्तर, आणि चौथा: मुलाच्या मते असं का. पहिले तीन मी एकटा भरू शकतो. चौथा मुलाला विचारल्याशिवाय भरता येत नाही, आणि माझी सगळी विद्या त्या चौथ्या रकान्यात आहे. बहुतेक चुकांना कारण असतं, ते पुष्कळदा चांगलं असतं, आणि ते शोधायचं तर मला माझं उत्तर माहीत असणं विसरावं लागतं. दोन ओळीत हवं असेल तर माझं तत्त्वज्ञान एवढंच. ते 'लहानातून मोठं जात नाही' वाक्य मी नंतर कधी वर्गात उच्चारलं नाही. आता रबर लावलेले काड्यांचे गठ्ठे असतात, दहाचा एक. दोन सुट्या काड्या आहेत, सात द्यायच्यात, पुरत नाहीत; सोड एक गठ्ठा. आणि पुढे वरच्या वर्गात ऋण संख्या आल्या की ते घोकलेलं वाक्य तसंही खोटंच पडतं.

आता आकड्यांच्या नावांची गोष्ट, कारण तिथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

जतच्या पलीकडे विजापूर. पूर्व भागात कितीतरी घरांत कन्नड बोलतात. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही आहेत, पण प्रत्येक वस्तीवर नाहीत, त्यामुळे घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशी पोरं आमच्याकडे कायम असतात. अशीच एक तिसरीतली मुलगी. 'पंचेचाळीस' म्हटलं की लिहायची 54. 'सदतीस' म्हटलं की 73. 'एकोणतीस'ला 39. बेरीज-वजाबाकी चोख, पण श्रुतलेखनात दहापैकी सात आकडे उलटे. आधीच्या गुरुजींनी शेरा मारला होता, 'लक्ष नाही'.

मला तेवढं कन्नड येत होतं, बाजारापुरतं. तिला विचारलं, "हेंग माडिदी?" कसं केलंस? ती दचकली, मग हसली, मग म्हणाली, पंचे ऐकलं, म्हणून आधी पाच लिहिला. सरळ हिशेब. मराठीत आपण एकक आधी म्हणतो आणि दशक मागून, लिहिताना मात्र दशक आधी. कानाची वाट एकीकडे, हाताची दुसरीकडे. एकोणतीसमध्ये तर 'तीस' ऐकू येतं पण तीन लिहायचा नसतो. तिला ऐकू आलेला तीसचा तीन आणि एकोणचा नऊ, झाले 39.

मी म्हटलं, आता कन्नडमध्ये म्हण. ती म्हणाली 'नलवत्तैदु' आणि क्षणात लिहिलं 45. नलवत्तु म्हणजे चाळीस, ऐदु म्हणजे पाच. दशक आधी. 29 म्हणजे 'इप्पत्तोंबत्तु', वीस आणि नऊ. एकोणची भानगडच नाही. म्हणजे ही मुलगी दोन भाषांमधून आकडा ओढून आणत होती आणि आम्ही शेरा मारत होतो, लक्ष नाही.

त्या पावसाळ्यात मी तिच्याकडून शंभरपर्यंत कन्नड आकडे शिकलो. मधल्या सुट्टीत ती फळ्यावर आकडा लिहायची, मी म्हणायचो. नव्व्याण्णवला 'तोंबत्तोंबत्तु' म्हणताना माझी जीभ हमखास अडकायची आणि मागची पोरं टाळ्या पिटायची. मी साठ आणि सत्तरमध्ये रोज गोंधळायचो. ती एकदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, काल तर सांगितलं होतं." अगदी माझाच सूर! मी ते वाक्य दिवसातून किती वेळा म्हणतो हे त्या दिवशी मोजलं. आकडा सांगत नाही.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, टिंगल झाली. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमानं लहान मुलं अडखळतात म्हणून ही पद्धत जोडीला दिली, एकवीस-बावीस काढून टाकलेले नाहीत, असं त्या समजावून सांगत होत्या. शाळेत चहा पिताना मीही आधी हसलो. घरी आल्यावर ती मुलगी आठवली, वही काढली आणि मग हसू आलं नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही हवेत. बाजारात कुणी 'चाळीस पाच रुपये' म्हणणार नाही, तिथे पंचेचाळीसच लागणार. पण शिडी म्हणून 'चाळीस पाच' फार उपयोगी आहे. माडीवर पोचल्यावर शिडी बाजूला ठेवता येते. आणि पोरगं 'साडेदोन' म्हणालं तर हसू नका. कन्नडमध्ये अडीचला 'एरडूवरे' म्हणतात, दोन आणि वर अर्धा. तीननंतर साडे चालतं आणि एक-दोनला का चालत नाही, हे त्याला विचारावंसं वाटणारच. दीड आणि अडीच आपण पाठ केलेत, एवढंच आपलं मोठेपण.

वहीचा एक नियम मला उशिरा कळला. चुकल्यावरच 'कसं केलंस?' विचारलं की पोरं आठवड्यात शहाणी होतात. प्रश्न कानावर पडताच खोडरबर काढतात. म्हणून बरोबर आलेल्या उत्तरालाही विचारायचं. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच तोंडघशी पडलो. त्या वर्षी सातवीपर्यंतच्या शाळेवर होतो, वर्ग सहावीचा. 3.7 आणि 3.15 यांत मोठी संख्या कोणती? एका पोरानं सांगितलं 3.7. बरोबर. कसं? "सर, आकडे जितके कमी तितकी संख्या मोठी, अपूर्णांकात उलटं असतं." मग 3.7 आणि 3.85? तरीही 3.7. वर्षभर याला बरोबरची खूण मिळत गेली असती. शेजारच्यानं 3.15 मोठी सांगितली, कारण साताहून पंधरा मोठे. आणि मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, 3.7 असं काही नसतंच, सहा बॉल झाले की ओव्हर संपते. त्याचंही खरंच. टीव्हीवर आयुष्यभर त्यानं तोच टिंब पाहिलाय, आणि तो टिंब दशांश चिन्ह नाही. हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं, आणि मी स्वतः रात्र-रात्र जागून मॅचेस बघणारा माणूस. आता दशांश अपूर्णांक मी क्रिकेटच्या टिंबापासून सुरू करतो. 3.5 ओव्हरनंतर एक बॉल टाकला तर फलकावर काय दिसेल, आणि टेपवर 3.5 सेंटिमीटरनंतर एक मिलिमीटर पुढे गेलो तर काय? एकीकडे 4.0, दुसरीकडे 3.6. अर्धा तास भांडण चालतं. चालू द्यावं.

आठवडी बाजारात शिक्षकानं जावं, पिशवी घेऊन आणि घाई न करता. पाचवीतली एक मुलगी, गणितात जेमतेम, आईशेजारी वांगी विकत बसली होती. साठ रुपये किलो. एका बाईनं पावणेदोन किलो मागितली. मुलीनं तराजू खाली ठेवायच्या आधीच सांगितलं, एकशे पाच. मी विचारलं कसं, तर म्हणाली, दोन किलोचे एकशे वीस, त्यातनं पावाचे पंधरा काढले. सोमवारी वर्गात मी 60 गुणिले पावणेदोन असं उदाहरण फळ्यावर लिहून दिलं, 1 पूर्णांक 3 छेद 4 अशा रूपात. तिनं वही कोरी दिली. मी म्हटलं, अगं ही तुझीच वांगी आहेत! तिनं फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "पावणेदोन असं लिहितात?" तिला पावणेदोन येत होतं, ते कागदावर कसं दिसतं हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. आमच्या आजोबांच्या पिढीत अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची. ती सगळी परत आणा असं मी म्हणणार नाही. पण पाव, पाऊण, सव्वा हे शब्द अजून पोरांच्या तोंडात आहेत आणि आपण अपूर्णांकाची सुरुवात भाकरीच्या चित्रात रंग भरून करतो, ही गंमतच आहे.

इथे एक सांगून टाकतो, नाहीतर मी पाठांतराच्या विरुद्ध आहे असं वाटेल. मी पाढे पाठ करून घेतो, रोज, मोठ्यानं. पाढे न येणारं पोर भागाकारात अर्धी शक्ती 'सात आठे किती' यातच घालवतं, मग विचार कशानं करणार? पाठांतराला हल्ली प्रशिक्षणात नाक मुरडतात. मुरडोत.

दुसरा प्रश्न: आयुष्यभर शिकायचं म्हणजे काय करता? प्रशिक्षणं मी सगळी केली. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचं, चोवीस वर्षांनी निवडश्रेणीचं, दर महिन्याची केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद, आणि गेली काही वर्षं मोबाइलवरचे कोर्स, ज्यात व्हिडिओ सुरू ठेवून माणूस चहा करून येतो. काहींचा उपयोग झाला. बहुतेकांचं प्रमाणपत्र झालं.

खरा उपयोग झाला तो वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मोडी ही जुनी लिपी शिकायला गेलो त्याचा. घरात आजोबांच्या ट्रंकेत एक खरेदीखत होतं, कुणालाच वाचता येत नव्हतं. म्हणून सांगलीला दर रविवारी वर्गाला जायला लागलो. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ मारतात आणि अक्षरं त्या रेघेखाली एकाला एक लागून येतात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. मी एक ओळ अशी वाचली: 'जमी नजि राईत'. मग परत, बोट ठेवून. मग परत. तिसऱ्या खेपेला शेजारचा कॉलेजातला पोरगा म्हणाला, "जमीन जिराईत, काका." आमचे शिकवणारे गृहस्थ सज्जन, अतिशय जाणकार. ते मायेनं म्हणाले, "सोपं आहे हो, सवय होईल." मला इतका राग आला की कानशिलं तापली. सोपं आहे, आणि तरी मला येत नाही, याचा दुसरा अर्थ काय होतो?

बसनं परत येताना आठवलं, पहिलीतल्या पोरानं 'क म ळ' वाचून 'कमळ' म्हणायला दोन मिनिटं घेतली की मी हेच म्हणतो. सोपं आहे रे. तीस वर्षं धीर दिल्यासारखं म्हणत आलो. त्यानंतर वर्गात तो शब्द मी बंद केला. आता 'हे जरा अवघड आहे, मलाही वेळ लागला होता' म्हणतो. जमलं तर पोरगं फुशारकी मारतं, न जमलं तर त्याची लाज जात नाही. खरेदीखत पुढे वाचलं. जमिनीची चतुःसीमा निघाली, ती आम्हाला आधीच माहीत होती.

म्हणून माझा सल्ला असा की शिक्षकानं दर काही वर्षांनी अशा एखाद्या वर्गात जाऊन बसावं, जिथे आपण सगळ्यांत कच्चे आहोत. पोहणं, पेटी, कन्नड, मोडी, काहीही. आपल्याला येणाऱ्या विषयातलं पुढचं शिकल्यानं ज्ञान वाढतं, पण न येण्याची आठवण ताजी राहत नाही.

गुजरातेतले बालशिक्षणवाले गिजुभाई तुम्ही लिहिलेच आहेत, तर त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक आणि ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघही घ्या. फक्त त्यांचे विचार उतरवू नका, त्यांनी केलं काय ते बघा. 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं, 1957 मध्ये जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात. तेव्हा 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही' असा शेरा मारून मोकळं होणं फार सोयीचं होतं, आजही आहे. त्यांनी कारण शोधलं: मुलं गुरं राखायला जातात. मग शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. मला ते माझ्या चौथ्या रकान्यासारखं वाटतं, अर्थात कितीतरी मोठ्या मापाचं.

हे सगळं रोज, सगळ्यांसोबत जमतं का? मुळीच नाही. दोन वर्ग एकत्र, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, मध्येच 'तातडीचा' संदेश. मी दिवसाला तीनच पोरांना विचारतो, त्यातलं निदान एक बरोबर उत्तरवालं. काही आठवडे कोरे जातात. 2020-21 ची वही तर चार पानांची आहे; फोनवर 'कसं केलंस?' विचारलं की मागून आई उत्तर सांगायची.

तर तुमची दोन पानं. सराव पाठाला ज्या शाळेत जाता तिथलं एक पोर घ्या, एक चूक घ्या, आणि ती का झाली हे कळेपर्यंत सोडू नका. तुमचा पहिला अंदाज लिहा, तो चुकला असेल तर तेही लिहा, मग त्या पोराचं स्वतःचं म्हणणं लिहा, त्याच्याच शब्दांत. रूसोला एखादी ओळ ठेवा हवी तर. तपासणारे सर कदाचित म्हणतील, यात तत्त्वज्ञान कुठे आहे? तेव्हा थोडे गुण जातील, त्याला इलाज नाही.

आणि प्रत्येक चुकीचा उलगडा होतोच असं समजू नका. चालू वहीतली शेवटची नोंद दसऱ्याआधीची आहे, तिसरीतला मुलगा. 25 अधिक 17, उत्तर 42. 17 अधिक 25, उत्तर 41. दोन्ही बरोबर, असं त्याचं ठाम म्हणणं. मी काड्या दिल्या, त्यानं दोन्ही वेळा बेचाळीस मोजल्या आणि तरी वहीत 41 तसंच ठेवलं. विचारलं तर म्हणाला, "उलटं केलं की एक कमी होतोय, सर." मला वाटलं सतरापासून पुढे मोजताना सतरा हाच पहिला धरत असेल. पण मग पंचवीसपासून मोजतानाही तसंच व्हायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी परत विचारणार होतो, तोवर टोळी कारखान्याकडे निघाली आणि तो आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. मार्चच्या शेवटी येतील. चौथा रकाना रिकामा ठेवलाय.